अर्धं बोट

टेलरबाई : मान कुठं गेली याची?

मोजणीसाहेब : मान नसतेच त्याला. हातही नसतात. छाती आणि पोट, बस्स. आम्हाला तेवढंच लागतं.

टेलरबाई : आमच्या दुकानात होता एक असाच. बिनमुंडक्याचा. बायका सुरुवातीला बिचकायच्या, मग त्याच्याच खांद्याला पर्स अडकवून मोकळ्या व्हायच्या. हा कशाचा? मेणाचा?

मोजणीसाहेब : प्लास्टिकचा. पण आतून माणसासारखा. फुप्फुसाच्या जागी हलका, हाडाच्या जागी टणक. बसा ना बाई. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो. ही घ्या.

टेलरबाई : आणि तुम्ही?

मोजणीसाहेब : मी उभा बरा. इथं कोणी येत नाही, म्हणून धड खुर्ची एकच आहे.

टेलरबाई : खिडकीपण नाही तुम्हाला.

मोजणीसाहेब : तळघर आहे हे. खिडकी असती तरी गाड्यांची चाकंच दिसली असती.

टेलरबाई : याला नाव-बिव आहे का काही?

मोजणीसाहेब : पाहुणे म्हणतात. मी नाही ठेवलं, वरच्या लोकांनी ठेवलं. मशीनवर येऊन पडतात, उठायचं नाव घेत नाहीत, म्हणून.

टेलरबाई : चहा तर मागत नाहीत ना? मग चांगले पाहुणे आहेत.

मोजणीसाहेब : आज सकाळी सातपासून त्यांना तुमच्या जागेवर झोपवलं होतं. चोवीस वेळा स्कॅन केला.

टेलरबाई : माझ्या जागेवर? ते कशाला?

मोजणीसाहेब : तेच सांगायला बोलावलंय. म्हणजे, आधी ओळख करून देतो. आपण कधी बोललो नाही. मी डॉक्टर नाही. मशीनमधून किती किरण निघतात, कुणाच्या अंगाला किती लागतात, ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम.

टेलरबाई : माहितीये. मला मशीनवर झोपवते ती ताई सांगत होती. मोजणीसाहेब म्हणते ती तुम्हाला.

मोजणीसाहेब : असं का? माझ्यासमोर नुसतं सर म्हणते.

टेलरबाई : साहेब, काही वाईट निघालं असेल तर सरळ सांगून टाका. मला गोल गोल बोललेलं झेपत नाही. गाठीच्या वेळी त्या डॉक्टरांनी पाऊण तास घेतला. शेवटी मीच म्हटलं, काढायची आहे ना? तर म्हणाले, हो. मग पाऊण तास कशाला खाल्लात माझा?

मोजणीसाहेब : नाही, नाही. गाठीचं नाहीच काही. किरणांचा शेक व्यवस्थित चाललाय तुमचा. आज पंधरावा, शेवटचा. मी बोलतोय ते स्कॅनबद्दल. रोज शेकाच्या आधी ते मशीन तुमच्याभोवती एक फेरी मारतं ना?

टेलरबाई : घूं करत. हो.

मोजणीसाहेब : तो शेक नसतो. तो फोटो. आपण काल जिथं होतो तिथंच आज आहोत का, ते बघायला. शेक जिथं द्यायचा तिथंच गेला पाहिजे, इकडं तिकडं नाही.

टेलरबाई : म्हणजे टाचण्या.

मोजणीसाहेब : काय?

टेलरबाई : शिवण घालायच्या आधी टाचण्या लावून बघतो आम्ही. मागचं पुढचं जुळतंय का. जुळलं की मग मशीन मारायची.

मोजणीसाहेब : अगदी बरोबर. टाचण्याच. फक्त या टाचण्यांनीसुद्धा कापडाला बारीक भोकं पडतात. फोटो काढायलाही किरणच लागतात, म्हणून त्यांचंही माप ठेवावं लागतं.

टेलरबाई : आणि ते या पाहुण्यांवरून कळतं?

मोजणीसाहेब : त्यांच्या अंगात ही छिद्रं दिसतात? यात तांदळाच्या कणीएवढे खडे बसवायचे. हे बघा, चिमट्यानं धरावे लागतात. एक हृदयापाशी, दोन फुप्फुसात, काही दुसऱ्या बाजूच्या छातीत. मग स्कॅन करायचा. या खड्यांना लागलेले किरण लक्षात राहतात. नंतर तापवले की ते चमकतात. किती चमकले, त्यावरून डोस काढायचा.

टेलरबाई : अंधारात चमकतात?

मोजणीसाहेब : डोळ्यांना दिसण्याइतके नाही. यंत्राला दिसतात.

टेलरबाई : बघायला आवडलं असतं. बरं, आणि पाहुणे माझ्याएवढे आहेत का? मला तर आडवे वाटतात.

मोजणीसाहेब : आडवे आहेत जरा. म्हणून तुमच्या छातीचा घेर लागतो, त्यावरून आकडा कमी-जास्त करायचा.

टेलरबाई : मग घ्या माप. टेप आहे माझ्या पिशवीत. दुकान बंद झालं तरी टेप काही पिशवीतून निघत नाही. काखेतून आडवी न्यायची, पाठीवर खाली घसरू द्यायची नाही. मी घेतलं असतं, पण स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. पाठीवर टेप वाकडी जाते आणि दिसत नाही.

मोजणीसाहेब : बाई, नको. म्हणजे, लागणार नाही. घेर मला तुमच्या पहिल्याच स्कॅनमधून मिळालाय.

टेलरबाई : मिळालाय?

मोजणीसाहेब : हो.

टेलरबाई : मग मला कशाला बोलावलंत?

मोजणीसाहेब : सांगतो. ठरल्याप्रमाणे दिवसाला एक स्कॅन. कालपर्यंत चौदा दिवस झाले, म्हणजे चौदा. तुमच्या नावावर चोवीस आहेत.

टेलरबाई : दहा जास्तीचे.

मोजणीसाहेब : दहा जास्तीचे. घाबरू नका, शेकाच्या मानानं फार थोडे. शेक हंडाभर पाणी धरला, तर सगळे स्कॅन मिळून काही चमचे. पण शेक आपल्या जागी जातो. हे चमचे सगळीकडे सांडतात. दुसऱ्या बाजूला, फुप्फुसाला, हृदयाला. ज्यांचा काही संबंध नाही त्यांना. म्हणून आमच्यात एकही चमचा उगाच सांडायचा नसतो. सांडला तर का सांडला, ते लिहावं लागतं.

टेलरबाई : लिहा ना मग. मशीन जुनं झालं असेल.

मोजणीसाहेब : मशीनला दोन वर्षंही झालेली नाहीत.

टेलरबाई : टेबल सरकत असेल.

मोजणीसाहेब : मलाही तेच वाटलं. तीन दिवस टेबल तपासलं. स्क्रू न् स्क्रू. चांगलंय टेबल.

टेलरबाई : मग मलाच खोकला आला असेल. या वयात येतोच.

मोजणीसाहेब : खोकल्यानं माणूस कसाही हलतो. कधी वर, कधी खाली. तुमची पहिली वेळ सोडली तर बाकी नऊही वेळा एकाच बाजूला. त्या त्या दिवशीच्या पहिल्या स्कॅनमध्ये सगळं बिघडलेलं, पाच ते सात मिलिमीटर. पाचच्या वर गेलं की आत जाऊन पेशंटला नीट झोपवायचं आणि परत स्कॅन घ्यायचा, असा नियम आहे.

टेलरबाई : नियम आहे तर नियमानंच झालं की.

मोजणीसाहेब : झालं. पण दहाही वेळा कामावर कोण होतं, ते बघितलं. ताईच होती. मध्ये तीन दिवस ती रजेवर होती. त्या तीन दिवसांत एकही स्कॅन परत घ्यावा लागला नाही.

टेलरबाई : मग?

मोजणीसाहेब : मग आकडे काय म्हणतात? पेशंट तोच, मशीन तेच, टेबल तेच. बदललं फक्त माणूस.

टेलरबाई : आकडे काहीही म्हणतील.

मोजणीसाहेब : मोठे डॉक्टर आकडेच वाचतात. ती झोपवताना हयगय करते, असं त्यांचं म्हणणं आहे. दोनदा बोललेत तिला, सगळ्यांसमोर. आता महिनाअखेर तिची नेमणूक कायम करायची का, ते ठरणार आहे. माझा अहवाल आज पाच वाजता त्यांच्या टेबलावर जायचाय.

टेलरबाई : तिला काढतील?

मोजणीसाहेब : माझ्या कागदावरून तरी ठेवणार नाहीत.

टेलरबाई : तिनं काही केलेलं नाही हो. ती इतकी जपून करते. तीन ठिपके आहेत ना माझ्या अंगावर, ते लाल रेघेवर बसेपर्यंत श्वास धरून उभी असते. माझ्या दुकानात असती तर मी कात्री दिली असती तिच्या हातात. चाळीस वर्षांत मी तीनच जणींना दिली.

मोजणीसाहेब : तसं मलाही वाटतं. पण वाटतं हे कागदावर लिहिता येत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. मी सहसा पेशंटला बोलावत नाही. खरं म्हणजे कधीच बोलावलं नाही. ती झोपवून जाते आणि दार बंद होतं, त्यानंतर आत काय होतं, ते एकट्या तुम्हालाच माहीत.

टेलरबाई : मला जरा पाणी देता?

मोजणीसाहेब : हे घ्या. बाटलीचंच आहे. ग्लास नाही इथं.

टेलरबाई : चालतं. माझ्या फॉर्मवर बघितलंत का तुम्ही? सोबत कोण येतं म्हणून एक रकाना आहे.

मोजणीसाहेब : रिकामा आहे.

टेलरबाई : आणि अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, तिथं इस्त्रीवाल्याचा नंबर आहे. दुकानाच्या शेजारचा. भला माणूस आहे, पण त्याला कमी ऐकू येतं. माझा धाकटा भाऊ माझ्याच डोक्यावर राहतो, वरच्या मजल्यावर. मी वाढवला त्याला. त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवता शिवता मी शिवण शिकले. त्याला वाटतं मी रोज दुपारी शिवणक्लास घ्यायला जाते.

मोजणीसाहेब : त्यांना सांगितलंच नाही? ऑपरेशनचंही?

टेलरबाई : मैत्रिणीकडे जाते म्हटलं, आठ दिवस. भावजयीची आई याच आजारानं गेली. तेव्हापासून नुसतं नाव निघालं तरी ती बिचारी जेवण सोडून उठते. म्हटलं, आपलं झालं की सांगू. मग झालं, आणि केमो लागलं. म्हटलं, ते झालं की सांगू. डोक्याला रुमाल बांधून फिरले चार महिने. विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मोजणीसाहेब : हं.

टेलरबाई : ते दार बंद व्हायला किती वेळ लागतो माहितीये तुम्हाला? तुम्ही मोजणीवाले.

मोजणीसाहेब : दार मी नाही मोजलेलं.

टेलरबाई : अकरा. एक, दोन, तीन असं सावकाश म्हणत गेलं की अकराला बंद होतं. तेवढ्यात सगळे बाहेर. बरोबरच आहे, किरण आहेत, थांबून कसं चालेल? डोक्याला कळतं हो. पण उघड्या अंगानं, दोन्ही हात वर करून पडलेल्या माणसाला तसं नाही वाटत. त्याला वाटतं, आपल्यात असं काय आहे की सगळे पळाले?

मोजणीसाहेब : तिसऱ्या दिवशी पहिला जास्तीचा स्कॅन आहे.

टेलरबाई : तिसऱ्या दिवशी मला ठसका लागला. तो खरा होता. देवाशपथ. ठसका लागला तसं दार परत सरकलं आणि ती धावत आली. म्हणाली, काही नाही मावशी, होतं असं. हात गार असतात तिचे, म्हणून आधी चोळून घेते. मग माझा खांदा धरला, पाठीखाली हात घातला, सरकवलं. चादर नीट केली. आणि दाराशी जाऊन म्हणाली, जाऊ ना आता?

मोजणीसाहेब : आणि चौथ्या दिवशी?

टेलरबाई : चौथ्या दिवशी ठसका लागला नाही.

मोजणीसाहेब : बाई.

टेलरबाई : कोपर थोडं सोडायचं आणि बरगडी खाली दाबायची. अर्धं बोट. त्याहून जास्त हललं की टेबलच बोंब मारतं, मग मोठे डॉक्टर येतात. कमी हललं तर कुणाला कळतच नाही. अर्ध्या बोटाला ती एकटी येते.

मोजणीसाहेब : ठसक्यानंतर नऊही वेळा तेवढंच. मशीनकडूनसुद्धा इतकं नेमकं काम मी पाहिलेलं नाही.

टेलरबाई : आयुष्य अर्ध्या बोटातच गेलं माझं. इथं अर्धं बोट सैल, तिथं अर्धं बोट घट्ट.

मोजणीसाहेब : आणि ती रजेवर होती तेव्हा?

टेलरबाई : तेव्हा तो चष्मेवाला असतो. वाईट नाही तो. त्याच्याही दिवशी एकदा करून बघितलं. टेबल आपलं आपण सरकलं. त्यानं बाहेरून बटण दाबलं असणार. दार उघडलंच नाही. म्हटलं, मग कशाला?

मोजणीसाहेब : म्हणजे त्यानं नियम मोडला आणि माझ्या कागदावर तो चोख ठरला. आणि ताईच्या एका दिवशी दोनदा आहे. गेल्या गुरुवारी.

टेलरबाई : गुरुवारी भाचीचा वाढदिवस होता. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते सकाळपासून. मला बोलवायचं नव्हतं असं नाही. ते विसरले. मी फ्रॉक शिवून ठेवला होता, मापाशिवाय, अंदाजानं. तो तसाच आहे घडी घालून. त्या दिवशी दोनदा झालं. चुकलंच माझं.

मोजणीसाहेब : मला वाटलंच होतं असं नाही म्हणणार. मला असं काही सुचलंच नव्हतं. मी टेबल तपासत बसलो.

टेलरबाई : एक म्हातारी यायची माझ्याकडे. दर महिन्याला. शिवायचं काही नसायचं तिला. म्हणायची, बघ गं, बारीक झाले का? मी आपली टेप लावायची, दंड, कंबर, पाठ. लिहून पण घ्यायची नाही. ती गेली की आम्ही सगळ्या हसायचो. चाळीस वर्षं मी लोकांच्या अंगाला हात लावला, साहेब, आणि त्या बाईला काय हवंय ते मला कळलं नाही. आता त्या टेबलावर कळलं.

मोजणीसाहेब : किरणांचं नाही आलं मनात?

टेलरबाई : मला वाटलं, तो नुसता फोटो. फोटोनं काय होतंय? आणि खरं सांगू, कळलं असतं तरी दोन-चार वेळा केलंच असतं. पण तिच्यावर येईल हे नव्हतं वाटलं. माझं मेलं काय, गेलं तर माझ्या अंगाला गेलं. पोरीच्या नोकरीवर उठायचं मला काय नडलं होतं?

मोजणीसाहेब : एक करता येईल. कारण म्हणून मी खांदा लिहितो. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, हात वर ठेवला की शीर ओढते आणि कोपर सुटतं. होतं असं पुष्कळांचं. कुणी शंका घेणार नाही.

टेलरबाई : त्यानं ती सुटेल?

मोजणीसाहेब : अर्धी. खांदा आखडतोय तर नीट आधार का दिला नाही, असं विचारतील तिला.

टेलरबाई : मग नको. खरं तेच लिहा.

मोजणीसाहेब : खरं लिहिलं तर तिला वाचावं लागेल. तिची सही लागते खाली.

टेलरबाई : तिला कळल्याशिवाय नाही होणार?

मोजणीसाहेब : नाही.

टेलरबाई : आजचा शेवटचा दिवस आहे हो.

मोजणीसाहेब : माहितीये.

टेलरबाई : लिहा. शेवटी काय, कापलंय तिथून शिवावं लागणार.

मोजणीसाहेब : "झोपवण्यात दोष नाही. दार बंद झाल्यावर रुग्ण स्वतःहून हलल्या." ठीक आहे? पुढं कारणाचा रकाना आहे. "भीती" लिहू?

टेलरबाई : भीती नव्हती वाटत.

मोजणीसाहेब : मग काय लिहू? एका ओळीचीच जागा आहे.

टेलरबाई : तुम्ही इथं दिवसभर एकटे असता, साहेब. तुम्हाला सुचत असेल तर लिहा.

मोजणीसाहेब : लिहिलंय. "कुणी आत यावं म्हणून." बघा, चालेल?

टेलरबाई : चालेल. अक्षर छान आहे तुमचं.

मोजणीसाहेब : आज स्कॅन एकच होईल ना?

टेलरबाई : एकच. हलले नाही तर किती वेळ लागतो सगळ्याला?

मोजणीसाहेब : सात मिनिटं. आणि परत घ्यावा लागला तर पंधरा.

टेलरबाई : म्हणजे आठ मिनिटांसाठी केलं मी एवढं सगळं.

मोजणीसाहेब : बाई, वर भावाला सांगा. माझं काही काम नाही सांगायचं, पण सांगा.

टेलरबाई : बघते. आणि तुम्ही एक दुसरी खुर्ची आणा इथं. कुणी येत नाही म्हणून नाही आणली, की खुर्ची नाही म्हणून कुणी येत नाही, ते एकदा मोजून बघा.

(तासाभरानं, शेकाच्या खोलीत.)

ताई : झोपा. डोकं इकडं. दोन्ही हात वर.

टेलरबाई : आज हात गार आहेत तुझे.

ताई : चोळायचे राहिले.

टेलरबाई : वाचलंस तू.

ताई : वाचल्याशिवाय सही करत नाही मी. जरा वर सरका. बास. पहिला ठिपका बरोबर आहे. दुसरा. तिसरा.

टेलरबाई : पोरी, मी काय म्हणते...

ताई : नंतर. बाहेर पुढचे पेशंट बसलेत. हात सुटू देऊ नका. चालले मी.

टेलरबाई : आज विचारलं नाहीस.

ताई : काय विचारायचं?

टेलरबाई : काही नाही. जा तू.

ताई : मावशी, माइकवरून बोलतेय. दार बंद झालंय. ऐकू येतंय का? बोलू नका, छाती हलते. नुसतं बोट हलवा, कॅमेऱ्यात दिसतं मला. हं, दिसलं. स्कॅन सुरू करते.

ताई : बोलू नकाच तुम्ही. आत असते तर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून इथून बोलते. दोन आठवडे मला वाटत होतं, माझे हात कामातून गेले. रोज घरी जाऊन आईला चटईवर झोपवायचे. तिच्या पोटावर पेनानं तीन ठिपके काढायचे, दोरी लावायची आणि जुळवत बसायचे. अर्धा अर्धा तास. ती म्हणायची, अगं मी काय नकाशा आहे का? आई हसायची आणि मला रडू यायचं. तुम्हाला माझ्यामुळं जास्तीचे किरण लागताहेत, हेच डोक्यात.

ताई : चिडलेय मी तुमच्यावर. अजून चार दिवस तरी चिडलेली राहणार आहे. सांगून ठेवते.

ताई : जुळलं. दोन मिलिमीटर. परत घ्यायची गरज नाही. शेक सुरू करतेय आता. श्वास नेहमीसारखा घ्या.

ताई : सही केली आणि आधी आईला फोन केला. म्हटलं, माझ्या हातांना काही झालेलं नाही, आता तुला चटईवर झोपायला नको रोज, सुटलीस तू. मला वाटलं, खूश होईल. तर म्हणाली, बरं होतं गं, तेवढा वेळ तू जवळ बसायचीस.



ताई : झालं, मावशी. पंधरा संपले. आता बोललात तरी चालेल.

टेलरबाई : एवढ्यात?

ताई : सात मिनिटं. हलला नाहीत तुम्ही.

टेलरबाई : नाही हलले.

ताई : दार उघडतेय. उठू नका लगेच. हात चोळून येते.

टेलरबाई : ये सावकाश. दार उघडेपर्यंत मी अकरा मोजते.